पोलाद पुरवठादाराची नोटीस आणि कारखान्याचे दहा दिवस : एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण २०२३-२४ मधले आहे. पक्षकारांची ओळख पटेल असे तपशील काढले आहेत आणि रकमा ढोबळ आकड्यांत दिल्या आहेत. कायद्याची स्थिती त्या वेळची आहे. नादारी (इन्सॉल्व्हन्सी) आणि व्यावसायिक कायद्याच्या वकिलाकडे येणारे काम बहुतेक याच जातीचे असते. मोठ्या उद्योगसमूहांच्या लिलावाच्या बातम्या होतात, पण रोजच्या कामात समोर असतो एक कारखाना, एक थकलेला पुरवठादार आणि एक अस्वस्थ बँक.

पार्श्वभूमी

कंपनी प्रायव्हेट लिमिटेड, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका औद्योगिक वसाहतीत. वाहन उद्योगासाठी फोर्जिंग आणि मशीनिंगचे सुटे भाग बनवते. वार्षिक उलाढाल सुमारे १४ कोटी, कामगार ६२, उद्यम नोंदणी लघुउद्योग म्हणून. संचालक दोन, काका आणि पुतण्या. बँकेची कॅश क्रेडिट (खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा साडेतीन कोटींची आणि ती पूर्ण वापरलेली. मुदत कर्जाची बाकी १ कोटी ८० लाख. दोन्ही कर्जांना संचालकांची वैयक्तिक हमी होती आणि काकांचे राहते घर गहाण होते.

६० टक्के माल एकाच मोठ्या ग्राहकाकडे जात असे. त्याच्याकडे ७१ लाख येणे होते, पैकी ५२ लाख ४५ दिवसांच्या पुढे गेलेले. तिकडून पैसा न आल्याने इकडे पोलादाच्या व्यापाऱ्याची बिले थकली. मे ते जुलै २०२२ मधल्या ११ इन्व्हॉइसांची मुद्दल ९४ लाख होती.

समस्या

३ ऑगस्ट २०२३ रोजी व्यापाऱ्याच्या वकिलाची नादारी व दिवाळखोरी संहितेच्या (पुढे 'संहिता') कलम ८ खालची मागणी नोटीस पोचली. मुद्दल ९४ लाख, इन्व्हॉइसवर छापलेल्या २४ टक्के दराने सरासरी बारा महिन्यांचे व्याज २२ लाख ५६ हजार, एकूण १ कोटी १६ लाख ५६ हजार. उत्तराला किंवा पैसे भरायला दहा दिवस. नोटीस गेली नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर, आणि तो पत्ता होता काकांच्या जुन्या, बंद राहत असलेल्या फ्लॅटचा. शेजाऱ्यांनी सही करून पाकीट ठेवून घेतले. ते कारखान्यात आले ७ तारखेला आणि वकिलाकडे ८ तारखेला. मुदत नोटीस मिळाल्यापासून चालते, म्हणून हातात पाच दिवस उरले.

अशी नोटीस नेहमीच्या वसुलीच्या पत्रासारखी नसते. दहा दिवसांनंतर व्यापारी कलम ९ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो, आणि त्याची फी आहे २,००० रुपये. अर्ज दाखल करून घेतला गेला तर संचालक मंडळाचे अधिकार निलंबित होतात, कारभार अंतरिम नादारी व्यावसायिकाकडे जातो, कलम १४ खाली कंपनीविरुद्धच्या वसुलीला स्थगिती लागते आणि कंपनी एका पुरवठादाराच्या वादातून सगळ्या धनकोंच्या हाती जाते. इतक्या थोड्या खर्चात इतका मोठा दाब येतो, म्हणूनच व्यापारी दिवाणी दावा सोडून हा रस्ता धरतात.

कागद काय सांगत होते

वकिलाने पहिल्या बैठकीत पाच गोष्टी मागवल्या: व्यापाऱ्याचा तीन वर्षांचा खातेउतारा, सर्व खरेदी आदेश, गेटवरच्या मालपावत्या, गुणवत्ता विभागाचे नाकारणी अहवाल आणि व्यापाऱ्याशी झालेले ईमेल व व्हॉट्सॲप संभाषण. संचालकांचे म्हणणे असे की अर्धा माल सदोष होता. कागदांतून निघाले त्यापेक्षा बरेच कमी.

जून २०२२ मधल्या तीन लॉटमध्ये पृष्ठभागावर तडे सापडले होते. दोन लॉटबद्दल त्याच महिन्यात ईमेल गेले होते आणि सोबत प्रयोगशाळेचा अहवाल होता. तिसऱ्याबद्दल फक्त कारखान्याच्या सुपरवायझरचा फोटोसह व्हॉट्सॲप संदेश होता. तिन्हींच्या मिळून ११ लाख ६० हजारांच्या डेबिट नोटा (देण्यातून रक्कम कापल्याच्या नोंदी) काढल्या होत्या, पण त्या व्यापाऱ्याने त्याच्या वहीत घेतल्या नव्हत्या.

पूर्वीपासून अस्तित्वात असलेला वाद हा या अर्जावरचा मुख्य बचाव. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या मोबिलॉक्स प्रकरणात निकष घालून दिला: वाद नोटिशीच्या आधीचा हवा, आणि तो केवळ काल्पनिक किंवा पोकळ नसावा. तो शेवटी सिद्ध होईल की नाही हे त्या टप्प्यावर पाहायचे नसते. इथपर्यंत कंपनीची बाजू बरी होती.

मग दोन वाईट कागद सापडले. ३१ मार्च २०२३ चे बाकी पुष्टीपत्र, म्हणजे एवढे देणे मान्य आहे असे सांगणारे पत्र, लेखापालाने पूर्ण ९४ लाखांवर सही-शिक्का मारून परत पाठवले होते. त्यात डेबिट नोटांचा उल्लेख नव्हता. लेखापरीक्षकाला पत्र हवे होते, त्याने ते दिले, एवढीच त्यामागची गोष्ट. शिवाय सदोष म्हटलेल्या मालाचेही जीएसटी इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) पूर्ण घेतलेले होते. माल नाकारला म्हणणाऱ्याने त्याच मालाचे क्रेडिट ठेवले असेल तर समोरचा वकील ते विवरणपत्र पहिल्याच तारखेला दाखवतो.

त्यातून आणखी एक देणे वर आले. पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेले क्रेडिट व्याजासह उलटवावे लागते. १८ टक्के दराने ९४ लाखांतला कराचा भाग सुमारे १४ लाख ३४ हजार. हे कोणीच केले नव्हते. चार्टर्ड अकाउंटंटने ते क्रेडिट लेजरमधल्या शिलकीतून बहुतांशी भागवले, पण आठवडाभराची धावपळ झाली.

एक कोटीचा उंबरठा

२४ मार्च २०२० पासून अशा अर्जासाठी थकबाकीची किमान मर्यादा १ लाखावरून १ कोटी झाली आहे. प्रकरण याच रेषेवर उभे होते. डेबिट नोटा पूर्ण मान्य धरल्या तर मुद्दल ८२ लाख ४० हजार, आणि त्यावर २४ टक्के व्याज धरले तर १ कोटी २ लाख १७ हजार ६००. म्हणजे सदोष मालाचा वाद शंभर टक्के जिंकूनही रक्कम उंबरठ्याच्या वरच राहत होती. व्याज काढले तर मात्र डेबिट नोटा सोडूनही ती ९४ लाखांवर, रेषेच्या खाली येत होती.

संचालकांचा सगळा जोर तड्यांवर होता. प्रकरणाचा कणा मात्र व्याज होते, आणि वकिलाच्या कामाचा मोठा भाग इथे झाला. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये एका प्रकरणात इन्व्हॉइसवर व्याजाची अट असेल तर ते थकबाकीत धरता येते असे म्हटले होते. तेव्हा 'व्याज धरायचेच नाही' असे सरसकट म्हणून भागणार नव्हते. पण कंपनीच्या खरेदी आदेशाच्या मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, एक अट होती: पुरवठादाराच्या कागदांवरील वेगळ्या अटी लेखी मान्य केल्याशिवाय बंधनकारक नाहीत. खरेदी आदेशांच्या प्रतींवर व्यापाऱ्याच्या माणसाची सही होती. तीन वर्षांच्या खातेउताऱ्यात व्याजाची एकही नोंद नव्हती. या दोन गोष्टी मिळून व्याजाबद्दलचा वाद खरा आणि जुना होता असे म्हणता येत होते.

नोटिशीत पर्यायी मागणी सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायद्याखालच्या व्याजाचीही होती. व्यापाऱ्याकडे उद्यम नोंदणी होती. पण घाऊक व किरकोळ व्यापाराला जुलै २०२१ पासून दिलेली ही नोंदणी प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती आहे. उशिरा पेमेंटच्या तरतुदींचा लाभ तिच्यामुळे मिळत नाही. हा मुद्दा उत्तरात दोन वाक्यांत संपला.

अशील कोण?

छोट्या कंपनीत हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि पुढे तोच सगळ्यांना महागात पडतो. कंपनीचे हित आणि हमीदार संचालकाचे हित सुरुवातीला एकच दिसते, पण बँक वसुलीला उतरली की ते वेगळे होते. नियुक्तीपत्रात लिहिले गेले की अशील कंपनी आहे आणि वैयक्तिक हमीबाबत संचालकांनी स्वतंत्र वकील घ्यावा. फी टप्प्यांनुसार, आगाऊ आणि कंपनीच्या खात्यातून. वाचवलेल्या रकमेच्या टक्क्यांत फी घेणे बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. आणि थकलेली फी कंपनी नादारीत गेल्यास इतर परिचालन धनकोंच्या (माल किंवा सेवेचे पैसे येणे असलेल्यांच्या) रांगेत दाव्याचा अर्ज भरून मागावी लागते, हे या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येक तरुण वकिलाने पहिल्या महिन्यात समजून घ्यावे.

तिसऱ्या बैठकीत काका म्हणाले, "वकीलसाहेब, धाकट्या भावाचे अठरा लाख कंपनीत आहेत. ते आधी काढून देतो, मग काय व्हायचे ते होऊ दे." भाऊ हा संचालकाचा नातेवाईक, म्हणजे संबंधित पक्ष. नादारीची प्रक्रिया सुरू झाली तर तिच्या आधीच्या दोन वर्षांत संबंधित पक्षाला दिलेले प्राधान्य कलम ४३ खाली उलटवता येते. इतरांसाठी हीच मागे पाहण्याची मुदत एक वर्ष आहे. शिवाय बुडणे टळणार नाही हे कळत असताना असा व्यवहार केला तर कलम ६६ खाली संचालकांवर व्यक्तिशः जबाबदारी येऊ शकते. वकिलाने 'नाही' लेखी कळवले. तोंडी दिलेला नकार घरी पोचेपर्यंत 'बघू' होतो.

तोलून पाहिलेले पर्याय

पहिला, पूर्ण लढणे. उंबरठ्याचा मुद्दा चांगला होता, पण बाकी पुष्टीपत्राचे ओझे होते. हरलो तर अपिलाला ३० दिवस, आणि तोवर कारखान्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात. मोठ्या ग्राहकाला नादारीची बातमी कळल्यावर तो ऑर्डर काढून घेणार हेही उघड होते.

दुसरा, कंपनीने स्वतःच कलम १० खाली अर्ज करणे. पुतण्याला हा मार्ग आकर्षक वाटत होता, कारण 'स्थगिती लागली की घर वाचेल' असे त्याने कुठेतरी ऐकले होते. ते चूक आहे. कलम १४ ची स्थगिती हमीदाराला लागू होत नाही. बँक दुसऱ्याच दिवशी घराच्या मागे लागू शकते. वैयक्तिक हमीदारांवर थेट नादारीची कार्यवाहीही डिसेंबर २०१९ पासून करता येते.

तिसरा, लघुउद्योगांसाठी २०२१ मध्ये आलेली पूर्वनियोजित प्रक्रिया, ज्याला सगळे प्री-पॅक म्हणतात. यात कारभार संचालकांकडेच राहतो, किमान थकबाकी १० लाख पुरते. पण संबंधित नसलेल्या वित्तीय धनकोंपैकी (कर्ज देणाऱ्यांपैकी) ६६ टक्क्यांची संमती अर्जाआधी हवी. इथे असा धनको एकच, बँक. कलम ९ चा अर्ज आधी दाखल झाला तर प्री-पॅकचा अर्ज त्यानंतर १४ दिवसांत आला तरच त्याचा निर्णय आधी होतो. बँकेच्या शाखेतून विभागीय कार्यालयाकडे फाइल जायलाच तीन आठवडे लागणार होते. चांगला मार्ग केवळ उशिरामुळे बंद झाला.

चौथा, उत्तर भक्कम देऊन त्याच वेळी तडजोड. हाच घेतला.

केलेली कार्यवाही

उत्तर १२ ऑगस्टला गेले: खरेदी आदेशाची अट, व्याज कधीच न आकारल्याचा खातेउतारा, दोन ईमेल, प्रयोगशाळेचा अहवाल, डेबिट नोटा. बाकी पुष्टीपत्राचा उल्लेख टाळला नाही. ते लेखापरीक्षणापुरते होते आणि डेबिट नोटा त्याच्या आधीच्या तारखांच्या आहेत, असे स्पष्टीकरण दिले. समोरच्याकडे असलेला कागद आपण लपवला तर उरलेल्या उत्तरावरचा विश्वासही जातो. तडजोडीचे पत्र वेगळे, 'हक्क अबाधित राखून' अशा मथळ्याने. उत्तरातच देऊ केलेला आकडा लिहिला तर तो कबुलीजबाब ठरण्याचा धोका असतो.

व्यापाऱ्याने ऑगस्टअखेर अर्ज दाखल केलाच. पहिली तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागली. मधले पाच आठवडे पैसा उभा करण्यात गेले, आणि खरे अवघड काम तेच होते.

ग्राहकाकडचे ५२ लाख. लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे न देणाऱ्यावर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागते. तेव्हा बँक दर ६.७५ टक्के होता, म्हणजे २०.२५ टक्के. त्याच आर्थिक वर्षापासून अशी थकलेली देणी आयकरात त्या वर्षी वजा मिळणार नाहीत अशी तरतूदही लागू झाली होती. तरीही लघुउद्योगांच्या थकलेल्या पैशांच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी समाधान पोर्टलवर थेट तक्रार केली नाही. ज्याच्यावर ६० टक्के धंदा आहे त्याला सुलह परिषदेपुढे उभे करण्याआधी तक्रारीचा तयार मसुदा आणि व्याजाचा तक्ता त्याच्या वित्त विभागाला पाठवला, १५ दिवस दिले. खरेदी विभाग महिनोन्महिने टाळत होता. वित्त विभागाने दोन हप्त्यांत ४३ लाख सोडले.

इथे एक सापळा होता. पैसे कॅश क्रेडिट खात्यात येणार, आणि खाते मर्यादेबाहेर असल्याने बँक ते गिळणार. पुतण्याने दुसऱ्या बँकेत खाते उघडून पैसे तिकडे घ्यायचे सुचवले. येणी बँकेकडे गहाण असताना ते करणे म्हणजे कर्जकराराचा भंग आणि फौजदारी तक्रारीला आमंत्रण. त्याऐवजी बँकेशी बोलणे झाले. खाते तेव्हा एसएमए-१ मध्ये, म्हणजे ३१ ते ६० दिवस थकलेल्या गटात होते. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या लघुउद्योग पुनरुज्जीवन चौकटीखाली बँकेच्या समितीकडे अर्ज केला: सोबत १३ आठवड्यांचा रोख प्रवाह, ऑर्डरची यादी, येण्यांची वयवारी (कोणते येणे किती दिवसांचे) आणि संचालकांचे शपथपत्र. पुनर्रचना मागितली नाही, फक्त दुरुस्ती, म्हणजे थकबाकी भरून खाते नियमित करण्याची संधी मागितली, कारण पुनर्रचनेने खाते अनुत्पादक (एनपीए) ठरण्याचा धोका असतो. बँकेने येणाऱ्या वसुलीतले ७० टक्के चालू खर्चासाठी सोडायला लेखी मान्यता दिली, अट अशी की थकलेले व्याज संचालकांनी बाहेरून भरावे. त्यांनी ९ लाख आणले. ४३ लाखांतून ३० लाख १० हजार हातात आले, २० लाख व्यापाऱ्यासाठी बाजूला काढले, उरलेल्यात पगार आणि वीजबिल.

तडजोड ९ नोव्हेंबरला सही झाली. ९४ लाखांऐवजी ८४ लाख, व्याज माफ. २० लाख लगेच, मग डिसेंबरपासून ८ लाखांचे आठ हप्ते. १० लाखांची क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) व्यापाऱ्याने ३० नोव्हेंबरच्या आत काढायची, कारण २०२२-२३ च्या पुरवठ्यावरचा कर कमी करणारी क्रेडिट नोट त्यानंतर विवरणपत्रात दाखवता आली नसती. ही तारीख करारात नसती तर त्या दहा लाखांतला कर दोघांपैकी कोणाच्या तरी खिशातून गेला असता.

दोन कलमांवर रात्री उशिरापर्यंत बोलणी चालली. व्यापाऱ्याला एक हप्ता चुकताच मूळ १ कोटी १६ लाखांसह अर्ज पुन्हा जिवंत करायचा होता. शेवटी १५ दिवसांची सवलत आणि लेखी सूचनेनंतरच पुनरुज्जीवन असे ठरले. त्याची भीती अनाठायी नव्हती. तडजोडीचा हप्ता चुकणे म्हणजे नवे परिचालन कर्ज नव्हे, असे म्हणत न्यायाधिकरणाच्या पीठांनी अर्ज फेटाळलेले आहेत, म्हणून पुनरुज्जीवनाची परवानगी न्यायाधिकरणाच्या आदेशातच हवी होती. दुसरे, त्याला संचालकांची वैयक्तिक हमी हवी होती. ती दिली नाही. बदल्यात पहिल्या चार हप्त्यांचे पुढील तारखांचे धनादेश दिले. ते न वटता परत गेले तर सही करणाऱ्यावर चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८ खालचा फौजदारी खटला येऊ शकतो, हे पुतण्याला सही करण्याआधी सांगितले गेले.

परिणाम

नोव्हेंबरच्या शेवटी व्यापाऱ्याने संहितेखालच्या अर्जविषयक नियमांतील नियम ८ खाली अर्ज मागे घेतला, पुनरुज्जीवनाच्या मुभेसह. न्यायाधिकरणाने दाखल करून घेण्याआधी अर्ज मागे घेणे सोपे असते. तो दाखल करून घेतला जाऊन धनकोंची समिती बसली की कलम १२अ खाली ९० टक्के मतांची संमती लागते, आणि इथे ती मते बँकेच्या हातात असती.

मार्च २०२४ चा हप्ता ११ दिवस लांबला. पण लांबणार हे आठवडाभर आधी ईमेलने कळवले होते आणि त्या महिन्याचा धनादेश भरू नका अशी विनंती व्यापाऱ्याने लेखी मान्य केली होती. शेवटचा हप्ता जुलै २०२४ मध्ये गेला. खाते एसएमए-२ (६१ ते ९० दिवस थकलेले) पर्यंत घसरून परत नियमित झाले.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात स्वस्त दुरुस्ती होती बाकी पुष्टीपत्रावर एक ओळ: 'डेबिट नोटा क्रमांक अमुक वगळून'. तेवढ्याने वाटाघाटीत कंपनीचा हात किती तरी वर राहिला असता. नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता बदलायला एक फॉर्म पुरतो. तोही तीन वर्षे राहिला होता.

बँकेकडे अर्ज खाते एसएमए-० मध्ये (थकबाकी ३० दिवसांच्या आत) असतानाच जायला हवा होता. तेव्हा प्री-पॅकसाठीही वेळ उरला असता. पुढे १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रो निट्स प्रकरणात ही चौकट बँकांवर बंधनकारक असल्याचे सांगितले, पण त्याच निकालात उद्योगाने खाते अनुत्पादक होण्याआधी कागदांसह पुढे यावे असेही म्हटले. गप्प बसणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

नोटिशीच्या उत्तरात 'पुरवठादाराचा माल नेहमीच निकृष्ट होता' असे एक वाक्य संचालकांच्या आग्रहाने राहिले. कागद फक्त तीन लॉटचे होते. व्यापारी त्या वाक्यावर इतका चिडला की पहिली तडजोडीची बैठक सहा आठवडे पुढे गेली. वकिलाने ते वाक्य काढायलाच हवे होते.

संचालकांनी स्वतंत्र वकील घेतला तो सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर काकांनी बँकेच्या व्यवस्थापकाला घराबद्दल एक पत्र स्वतःच लिहून दिले होते, त्यात 'गरज पडल्यास घर विकून कर्ज फेडू' असे आश्वासन होते. ते पत्र आजही बँकेच्या फाइलमध्ये आहे.